बाबांचं नख

१

आमच्याकडे भाजीच्या जुड्या दुपारनंतर बांधतात. भाजी सकाळी कापून ठेवली तर पहाटेच्या टेम्पोत चढेपर्यंत ती मान टाकते, आणि मान टाकलेल्या मेथीला वर्ध्याच्या बाजारात कोणी हात लावत नाही. म्हणून उन्हं कलली की घरामागच्या टिनाच्या छपरीत आम्ही तिघी बसतो. मी, माझ्या सासूबाई मंदाबाई आणि शेजारच्या नलूबाई. मध्ये ओल्या पोत्यांवर पालक, मेथी आणि सांबार यांचे ढीग. सांबार म्हणजे कोथिंबीर. माझी पुण्याची मावसबहीण एकदा आली होती, तिला वाटलं आम्ही इडलीबरोबरचं सांबार पोत्यांत भरतो.

छपरीत बोलणं पुष्कळ होतं. गावात कोणाच्या घरी कोणावरून वाजलं हे नलूबाईंना त्या घरातल्या माणसांच्या आधी कळतं. पण त्या सगळ्या बोलण्याच्या खाली एक आवाज सारखा चालू असतो. पानांची सळसळ, सुतळी ओढल्याची बारीक करकर, आणि मग टिक्.

तो टिक् अंगठीचा. साधी स्टीलची अंगठी, अंगठ्याजवळच्या बोटात घालायची. तिच्या पुढच्या अंगाला वाकडं, करंगळीच्या नखाएवढं पातं. जुडीला सुतळी गुंडाळायची, गाठ मारायची, सुटं टोक डाव्या अंगठ्यावर ताणून धरायचं आणि उजवं बोट नुसतं वाकवायचं. कात्री शोधायला नको, विळा उचलायला नको. माझे सासरे रूपराव, आमचे बाबा, यांनी ती नागपूरच्या एका कृषी प्रदर्शनातून आणली होती. ते तिला नख म्हणायचे. ‘माहं नख कुठी गेलं?’ म्हणून घर डोक्यावर घ्यायचे, आणि ती त्यांच्या बोटातच असायची.

जुड्या बांधण्यात नलूबाई बाबांपेक्षा झपाझप होत्या, हे बाबाही कबूल करत. पण बाबांची एक खोड होती. लोंबणारं टोक त्यांना सहन होत नसे. कोणाच्या शर्टाचा धागा, पोत्याची उसवलेली शिवण, दाव्याचं सुटलेलं सूत, काही दिसलं की ते अंगठ्यावर घ्यायचे. आधी दोनदा हलकेच ओढून बघायचे, दुसरं टोक कुठे अडकलंय याचा अंदाज घेतल्यासारखं. मग टिक्. पाहुण्यांच्या अंगावरचे धागेसुद्धा त्यांनी असे तोडले आहेत, आणि पाहुणे ओशाळून आपला आपला शर्ट तपासत बसले आहेत.

दिवाळीच्या आधी बाबा गेले. त्याआधी वर्षभर ते अंथरुणाला खिळून होते. ते गेल्यावर पंधरवड्यातच मला दिवस असल्याचं कळलं. यापूर्वी दोन वेळा दिवस राहून गेले होते, त्यामुळे घरात कोणी मोकळेपणानं हसलंही नाही. मी तर पोटावर हात ठेवायलाही भीत होते. फक्त सासूबाई निर्धास्त होत्या.

“ह्या खेपेले काईच होत नाई, पाहून घेजो,” त्या म्हणाल्या. “तुह्ये बाबा येऊन राह्यले. मानूस गेला आन लगेच पोट्टं राह्यलं, मंग दुसरं कोन असन?”

माझं बी.एस्सी. झालेलं आहे. ते सासरच्या माणसांना मोबाईल बिघडला की आठवतं, किंवा फवारणीच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायचं असलं की. एरवी मीही विसरलेली असते. मी सासूबाईंशी वाद घातला नाही. होळीपर्यंत, सातवा लागेपर्यंत, ते बाळ टिकलं होतं, आणि ते टिकण्यासाठी कोणी काहीही म्हटलं तरी मला चाललं असतं.

अंगठी माझ्याकडे आली ती अशीच. तेरवी झाली, मेथी शेतात उभी होती, आणि माझ्या नवऱ्यानं, स्वप्निलनं, ती खिशातून काढून छपरीतल्या खिळ्याला अडकवली. सासूबाई तिच्याकडे बघेनात. नलूबाईंना ती सैल झाली. मी घातली तर मापानं केल्यासारखी बसली. बाबांची बोटं माझ्या दुप्पट जाड होती. पण आजारपणात माणूस वाळतो, त्यांनी दाबून लहान करून घेतली असेल, असा मी विचार केला आणि जुडीला हात घातला.

होळीनंतरच्या एका संध्याकाळी मी छपरी झाडत होते. सुतळीच्या पिवळ्या तुकड्यांत एक काळा तुकडा निघाला. सुती, पिळाचा, बोटभर लांब, दोन्ही टोकं साफ कापलेली. मुलांच्या आणि पुरुषांच्या कमरेला करदोडा बांधतात, त्याचा असतो तसला दोरा. त्या दिवशी छपरीत एकही पुरुष आला नव्हता.

२

दुसऱ्या दिवशी नलूबाई उठताना म्हणाल्या, “मायबाई! माह्या पायातला दोरा कुठी गेला?”

दृष्ट लागू नये म्हणून त्या घोट्यात काळा दोरा बांधत. तो त्यांच्या पायाशी पडला होता, कापलेला. घोट्यावर ओरखडासुद्धा नव्हता.

“तुह्याच नखानं कापला असन, पौर्णिमा,” सासूबाई म्हणाल्या.

“म्या? मी इकडे बसली, त्या तिकडे.”

“मंग का आपोआप कापला काय?”

नलूबाई हसल्या. “जाऊ द्या ना. माह्यावर कोनाची नजर लागते आता? लागली त लागू द्या.”

सगळ्या हसल्या, मीही हसले. माझा हात नलूबाईंच्या पायापर्यंत पोचलाच नव्हता, हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या दोघींमध्ये पालकाचा अख्खा ढीग होता.

त्यानंतर वासराच्या गळ्यातली कवडी गोठ्यात पडलेली मिळाली, तिचा दोरा कापलेला. मी त्या दिवसांत गोठ्यात जातच नव्हते, शेणाच्या वासानं मला ओकारी येई. मी म्हटलं उंदीर. मग ते टोक उजेडात धरून पाहिलं. उंदीर कुरतडतो, त्याचे धागे विस्कटतात. हे टोक सरळ होतं. मग म्हटलं दोरा जुना झाला असेल. पण जुना दोरा तुटतो, तो असा कापला जात नाही, आणि हे कळायला बी.एस्सी. लागत नाही.

मी अंगठी काढली आणि खिळ्याला अडकवली. बोटाला सूज आली आहे असं सगळ्यांना सांगितलं. सातव्या महिन्यात बायकांच्या बोटांना सूज येते, त्यामुळे कोणी पुढे विचारलं नाही. त्या दिवसापासून मी कात्रीनं सुतळी कापू लागले.

३

डॉक्टरीणबाईंनी मला दुपारी डाव्या कुशीवर पडून राहायला सांगितलं होतं. आमची आतली खोली छपरीला लागून आहे. मध्ये एक भिंत आणि तिच्यात झरोका. त्या दुपारी सासूबाई आणि नलूबाई शेतात सांबार कापायला गेल्या होत्या, स्वप्निल मोटरपंपाच्या मागे लागला होता. कूलर बंद होता, वीज गेली होती. घरात इतकं शांत होतं की माठातून झिरपलेलं पाणी खालच्या ताटात पडल्याचं ऐकू येत होतं.

मग पलीकडे पानं सळसळली.

मी म्हटलं, बकरी शिरली. उठायचा कंटाळा आला. बकरी खाताना कचाकचा आवाज येतो, तो काही येईना. पुन्हा सळसळ झाली. मग करकर, सुतळी ओढल्याची. मग काहीच नाही. जुडी फिरवून घ्यायला लागतो तेवढाच वेळ. मग टिक्.

नलूबाई परत आल्या असतील, मी मनाशी म्हटलं. पण नलूबाई आल्या आणि बोलल्या नाहीत, असं कसं होईल? त्या रिकाम्या छपरीतही बोलत बसतात. पुन्हा टिक्. घाई नव्हती त्या आवाजात. वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या माणसाची लय होती. मी बाळावर हात ठेवला. ते एरवी दुपारी फार हालचाल करी, त्या वेळी स्तब्ध होतं. मला ते बरं वाटलं नाही.

मी हाक मारली. “कोन हाय?”

आवाज थांबला. मी दाराशी गेले तेव्हा छपरीत कोणी नव्हतं. पहाटेच्या टेम्पोत न मावल्यानं मागे राहिलेल्या मेथीच्या जुड्या ओल्या पोत्यावर होत्या, पण एकही बांधलेली नव्हती. प्रत्येकीची सुतळी गाठीच्या शेजारी कापलेली होती. पानं विखुरलेली नव्हती. एकेक जुडी उलगडून, देठाला देठ लावून, नीट निजवून ठेवलेली होती. अंगठी खिळ्यालाच होती. तिच्या पात्यावर हिरवा ओला डाग होता.

स्वप्निल आला तेव्हा मी त्याला दाखवलं. त्यानं जुड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुले चक्कर येऊन राह्यली का?”

“चक्कर आल्यावर मी जुड्या सोडत बसन काय?”

“मी तसं नाई म्हनत. पन तू झोपेत उठली असशीन. होते असं.” मग त्यानं आवाज खाली आणला. “आईले नको सांगजो. बाळासाठी उगा उपास धरन थे.”

तो मुकाट्यानं सगळ्या जुड्या पुन्हा बांधू लागला. अंगठीला त्यानं हात लावला नाही, दातांनी सुतळी तोडत राहिला.

४

न सांगताही सासूबाईंना कुणकुण लागली असावी. त्या एसटीनं केळझरला गेल्या, गणपतीच्या पायाशी ठेवलेला काळा दोरा घेऊन आल्या आणि माझ्या कमरेला, पोटाच्या वरून, बांधला. गाठीवर गाठ मारत गेल्या.

“आता हे सुटत नाई,” त्या म्हणाल्या. “बाळंत होईलोक काढजो नको.”

एरवी मी नाक मुरडलं असतं. त्या दिवशी मी गुपचूप उभी राहिले, आणि खरं सांगते, दोरा अंगाला लागल्यावर मला धीर आला. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यानं धीर येतो, ही माझ्या डोक्याची गंमत मला पहिल्यांदाच कळली.

तो दोरा जेमतेम आठवडा राहिला. दुपारी मी आतल्या खोलीत पडले होते. झोप लागली नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. डोळे मिटलेले होते पण माठाखालच्या ताटातलं पाणी मला ऐकू येत होतं. सासूबाई छपरीत होत्या, त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. कमरेपाशी दोरा थोडा हलला. मला वाटलं, श्वासानं. मग तो ओढला गेला. हलकेच. मग पुन्हा, तसाच हलकेच.

मला हात हलवता येईना. भीतीनं येईना असं नाही, माझ्या हाताला तो माझा आहे हेच आठवेना. पोटावरचा दोरा ताणला गेला, इतका की बाळाला दाब बसून ते एकदम वळलं. आणि माझ्या कातडीपासून केसभर अंतरावर टिक् झालं.

मी ओरडले. सासूबाई धावत आल्या. दोरा दोन्ही बाजूंनी माझ्या कुशीवरून खाली पडला होता. पोटावर एक बारीक पांढरी रेघ होती, नख ओढल्यावर उठते तशी, रक्त नव्हतं. सासूबाई ती रेघ पाहून खाली बसल्या आणि त्यांनी पदर तोंडात धरला. त्यानंतर त्या ‘बाबा येऊन राह्यले’ असं म्हणाल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी स्वप्निल न्हाणीघरातून बाहेर आला. कमरेला टॉवेल, अंगावर साबण तसाच, आणि हातात त्याचा करदोडा. लहानपणापासून बदलत बदलत बांधलेला. तो साफ कापलेला होता.

“पान्याचा नळ चालू होता,” तो म्हणाला. “मले वाटलं आई मागं उभी हाय.”

मला त्याच्या तोंडाकडे पाहून नवल वाटलं. मी घाबरले होते ती न कळण्यामुळे. तो मात्र काहीतरी कळून घाबरला होता.

५

चंद्रभान काकाजी, बाबांचे धाकटे भाऊ, आर्वीजवळ रोहण्याला राहतात. माझं पोट दुखतंय असा काहीतरी अर्धवट निरोप गेला म्हणून ते सकाळच्या गाडीनं आले. चहा पिताना खिळ्याकडे बघून त्यांनी कप खाली ठेवला.

“हे नख अजून घरात हाय?”

“काऊन? का झालं?” मी विचारलं.

“काई नाई. त्याच नखानं भाऊचा करदोडा कापला ना. तिथीसा मसनात कोनाजवळ ब्लेड नोतं, आन लाकडं रचून झालती. भाऊच्या बोटातच हे होतं, कोनाले काढाचं सुचलंच नोतं. मी म्हनलं, त्याच्याच वस्तूनं होऊ दे. मीच काढून स्वप्निलच्या हाती देल्लं.”

आमच्याकडे माणूस चितेवर चढवताना कमरेचा करदोडा कापतात. जन्मल्यावर बांधलेला तो, इथून पुढे काही बांधलेलं नको म्हणून. बायका तिथे जात नाहीत, पण हे सगळ्यांना ठाऊक असतं.

“तुमी पाह्यलं कापताना?” मी विचारलं.

“अवो बाई, कोन पाह्यते? पोरानं कपड्याखाली हात घातला. काढला. म्हनला, झालं.” काकाजींनी दाराकडे पाहिलं. “कापाची वस्तू तिथीच सोडून येतात, थे तेवढं राह्यलं.”

स्वप्निल दारातच उभा होता. त्यानं चपला घातल्या आणि शेताकडे निघाला. मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन त्याच्या मागून बांधावर गेले. तो विहिरीच्या कठड्यावर बसला होता.

“कापला नाई तुम्ही,” मी म्हटलं.

“दोनदा ओढला,” तो म्हणाला. “कमर एवढीशी झालती त्यायची. दोरा सैल होता. बोट वाकवाचं होतं नुसतं.” त्यानं आपलं बोट वाकवून बघितलं आणि मूठ मिटली. “नाई झालं माह्याच्यानं. वाटलं, राहू दे. काहीतरी बांधलेलं राहू दे त्यायले आपल्यासंगं.”

मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्या वर्षभरात बाबांचं सगळं त्यानं केलं होतं, कूस बदलण्यापासून. शेवटी शेवटी बाबा दुसरं काही बोलत नसत. ‘सोड मले, पोरा, आता सोड,’ एवढंच. आणि हा रोज त्यांना दवाखान्यात नेऊन आणत होता, नवीन बाटली लावत होता. त्यानं काही कमी केलं असतं तर लोकांनी नावं ठेवली असती. सोडणं मात्र त्याला जमलं नव्हतं, आणि तेवढंच त्यांनी मागितलं होतं.

“आता कापू,” मी म्हटलं. “काहीतरी करू. माह्या पोरासाठी करा.”

६

जळून गेलेला दोरा कसा कापायचा हे काकाजींनाही माहीत नव्हतं. शेवटी त्यांनीच सुचवलं. स्वप्निलनं नवा करदोडा घेतला, नाल्याकाठी बाबांना अग्नी दिला त्या जागेवर एका दगडाभोवती बांधला, बाबांचं नाव घेतलं आणि अंगठीनं कापला. मग अंगठी तिथंच हातभर खोल पुरली. दोघं अंघोळ करून घरात आले. स्वप्निलचा चेहरा खूप दिवसांनी माणसासारखा दिसत होता.

“झालं?” मी विचारलं.

“झालं,” काकाजी म्हणाले. “ह्या टायमाले मी पाह्यलं.”

तरी मी जोखीम घेतली नाही. घरातला दोरा म्हणून जे होतं ते सगळं काढलं. करदोडे, मनगटातले गंडे, माझ्या गळ्यातली पोत. सासूबाईंनी ब्र काढला नाही, उलट आपल्या हातानं माझी पोत उतरवून डब्यात ठेवली. गोठ्यातली दावी काढून साखळ्या घातल्या. जुड्यांना रबर आणले. नलूबाईंना रबर मुळीच आवडले नाहीत, भाजीचा गळा आवळल्यासारखं वाटतं म्हणाल्या, पण वापरले. मी स्वतः कपाटातला सुईदोऱ्याचा डबा चुलीत घातला. ओढायला, ताणायला, कापायला घरात काही शिल्लक ठेवलं नाही.

आणि खरोखर सगळं थांबलं. दुपारी मी झरोक्याखाली पडून कान देत असे. माठाचं पाणी, टिनावर कावळ्याची पावलं, बस. मला पुन्हा झोप लागू लागली. स्वप्निल गुणगुणायला लागला. सासूबाईंनी एके दिवशी जपून विचारलं, “नाव काय ठेवाचं मंग?” आणि आम्ही तिघं चक्क हसलो. मला आता हे बाळ मिळणार, असं पहिल्यांदा वाटलं. इतकं वाटलं की मी एकटी असताना त्याच्याशी मोठ्यानं बोलायचे.

फक्त त्याची हालचाल बदलली होती. आधी ते लाथा मारी, कोपर घासत जाई, माशासारखं सुळकन फिरे. आता फिरणं कमी झालं. त्याऐवजी बेंबीच्या आतून ओढ बसे. हलकेच. थोडं थांबून पुन्हा, तशीच हलकेच. मग बराच वेळ काही नाही.

मी मोबाईलवर वाचलं. शेवटच्या महिन्यांत स्नायू ताणले जातात, गर्भाशय अधूनमधून आकसतं, बाळाला जागा कमी पडते. सगळं पटण्यासारखं होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मला स्वतःला ऐकावं लागलं असतं.

७

वर्ध्याच्या दवाखान्यात सोनोग्राफीची खोली थंडगार असते. बाहेर वैशाखाचं ऊन होतं आणि आत मला हुडहुडी भरली. तिथल्या डॉक्टरीणबाई बोलक्या होत्या. स्वप्निलला त्यांनी माझ्या उशाशी उभं राहू दिलं, पडदा आमच्याकडे थोडा वळवला. पोटावर गार जेल पडलं.

“ठोके छान आहेत,” त्या म्हणाल्या. “पाणी ठीक. वजनही भरलंय. उगाच घाबरताय तुम्ही.”

मी डोळे मिटून श्वास सोडला. स्वप्निलनं माझा खांदा दाबला. आधीच्या दोन्ही वेळी याच तऱ्हेच्या खोलीत डॉक्टर गप्प झाल्या होत्या. ह्या तर बोलत होत्या, म्हणजे सगळं बरं होतं.

“अरे वा,” त्या हसल्या. “हे बघा. कसं खेळतंय! नाळ धरलीय हातात.”

मी पाहिलं. करड्या धुक्यातून एक लहानसा हात वर आला होता. नाळ मुठीत नव्हती. ती अंगठ्यावरून घेतलेली होती, आणि अंगठा तिला बाहेर लोटत होता. पिळाची, जाड, मऊ नाळ तिथे सरळ झाली होती.

आत ओढ बसली. पडद्यावर तेव्हाच नाळ हलली.

“कधीकधी धरतात अशी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “सोडतात आपोआप.”

पुन्हा ओढ बसली. दुसरा हात दिसू लागला. त्याची चार बोटं मिटलेली होती आणि अंगठ्याजवळचं एक सुटं, पुढे आलेलं होतं. त्याच्या टोकाशी काहीतरी पांढरं, वाकडं, झळझळीत होतं.

“ते काय?” मला वाटतं मीच विचारलं.

“हाडं पांढरी दिसतात,” त्या म्हणाल्या, आणि पोटावरचा प्रोब थोडा दाबून त्यांनी डोळे बारीक केले. मग त्या काही बोलल्या नाहीत.

मला सांगायचं होतं. जा बाबा, तुम्ही जा, पण याला ठेवा, हे वेगळं आहे, याला तुमच्यासोबत नेऊ नका. किंवा सांगायचं होतं की आम्ही तुम्हाला सोडलं, खरंच सोडलं. बोलला तो स्वप्निल. त्यानं माझा खांदा सोडला होता, पडद्यासमोर दोन्ही हात जोडले होते आणि तो लहान पोरासारखा रडत होता.

“बाबा,” तो म्हणाला, “नका जाऊ ना. राह्यजा आता आमच्यापाशी.”

नाळ ताणली गेली, आणि पडद्यावरचं ते बोट वाकलं.